न झालेल्या व्याख्यानाचा दाखला

वटवाघळांच्या अभ्यासक कुमुदताई बोरकुटे यांचं व्याख्यान विद्यापीठानं ऐनवेळी रद्द केलं आणि त्यांचं विमानाचं तिकीट वाया गेलं. भरपाईसाठी त्यांनी वित्त अधिकारी टिळेकरांना गाठलं. या गृहस्थांच्या टेबलावरून नियम दाखवल्याशिवाय चहासुद्धा पुढे सरकत नसे.

"तुम्ही व्याख्यानाला हजर होतात, असा दाखला जोडा," टिळेकर म्हणाले.

कुमुदताईंना मोठी गंमत वाटली. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "मग तुम्हीच द्या की. पहिल्या रांगेत बसून ऐकलंत, एवढंच लिहा."

"अहो, जे व्याख्यान झालंच नाही, ते मी ऐकणार कसं?" टिळेकर कडाडले.

"अगदी हेच लिहा, साहेब," कुमुदताईंनी पेन दिलं, "आणि खाली सही करा. मला एवढाच दाखला हवाय."