एकरी एक पेला

तळं खणलं सगळ्या गावानं, पण त्याच्या पाण्याचा कायदा लिहिला एकट्या गुलाबरावांनी. साठ एकरांचे धनी ते! भर सभेत त्यांनी ठराव वाचला, "ज्याचे जेवढे एकर, त्याला तेवढं पाणी."

हौसाबाईंच्या नावावर तसूभर जमीन नव्हती. त्यांनी विचारलं, "मग माझ्या शेरडांनी काय प्यायचं?"

"एकर नाही, तर पाणी नाही. कायदा म्हणजे कायदा!"

हौसाबाई ताकाच्या घागरीकडे वळल्या. सभेला ताक वाढायचं काम त्यांच्याकडेच होतं. दोन एकरवाल्याला त्यांनी दोन पेले दिले, तीनवाल्याला तीन, आणि गुलाबरावांपुढे ओळीनं साठ मांडले.

"हे काय?"

"एकरी एक पेला, मालक. कायदा म्हणजे कायदा."

सभा खिदळली. गुलाबराव इरेला पेटले आणि घटाघट प्यायला लागले, पण सातव्या पेल्याला त्यांनी हात टेकले.

"सातवरच थांबलात?" हौसाबाई म्हणाल्या. "सातबारा आहे ना तुमचा? बारापर्यंत तरी या!"

"अहो बाई, पोट एकच आहे माझं!"

"तेच सांगते मालक. तहान पोटाला लागते, सातबाऱ्याला नाही."

माणशी पाण्याचा नवा ठराव तिथंच लिहिला गेला. तो लिहून होईपर्यंत गुलाबराव तीनदा घाईघाईनं बाहेर जाऊन आले.