राजांची पालखी निघाली कुठं?

सोनगिरीत त्या दिवशी दगड पोचले तलावाच्या बांधावर, गवंडी बसले महालाच्या ओट्यावर, आणि त्यांच्यासाठी शिजवलेला भात गेला जत्रेच्या माळावर!

राजे रणधवल खवळले. "कोठीला निरोपाची कबुतरं दिली, पागेला शिंगं दिली, इमारतखात्याला निशाणं दिली! एवढी महागाची साधनं, तरी कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही!"

"मोठे नगारे घेऊ या, महाराज," दिवाण अप्पाजीपंत म्हणाले.

पालखीपाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. ती होती ठकू, रखमाजी भोयाची लेक. बापाची भाकरी घेऊन आली होती.

"हसतेस?" राजे गरजले. "मग तूच चालव सगळ्यांना एका दिशेनं! जुनं टाकायचं नाही, नवं घ्यायचं नाही, आणि मला एक अक्षर विचारायचं नाही! उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर तुझ्या बापाची पालखीची चाकरी सुटली!"

रखमाजीनं हातातली भाकरी खाली ठेवली. पण ठकूची जीभ कुठली गप्प बसायला!

"जी, महाराज. उद्या सगळे कारभारी तेवढे चौकात बोलवा."

दुसऱ्या दिवशी कारभारी चौकात जमले, राजे पालखीत बसले. ठकूनं डोळा मिचकावला. रखमाजीनं "हुं!" केलं, चार भोयांनी दांडी उचलली, आणि एक ओढू लागला देवळाकडे, दुसरा बाजाराकडे, तिसरा नदीकडे, चौथा वेशीकडे! पालखी भोवऱ्यासारखी गरगरली. राजांचं पागोटं कानावर आलं.

"अरे गाढवांनो! निघालात कुठं?"

"ते आमाला ठाऊक न्हाई, महाराज!" रखमाजी धापा टाकत म्हणाला. "विचारायची बंदी हाय न्हवं!"

"बांधावर न्या मला, बांधावर! पावसाच्या आधी बांध पुरा झाला पाहिजे, बाकी सगळं मागाहून!"

कारभारी एकमेकांकडे बघू लागले.

"आधी बांध?" कोठीचा कारभारी पुटपुटला. "मी तर जत्रेच्या जेवणावळीला लागलो होतो!"

"मी शिकारीच्या तयारीला!" पागेचा म्हणाला.

"आणि मी नव्या महालाला!" इमारतखात्याचा म्हणाला.

मग काय! कबुतरं उडाली, शिंगं वाजली, निशाणं चढली, आणि सगळ्यांचा निरोप एकच: बांधावर चला! दुपारच्या आत दगड, गवंडी, गाड्या आणि वाफाळता भात, सगळं बांधावर हजर!

राजांनी पागोटं सारखं केलं. "पण ठकू, अट मोडलीस. मला बोलायला लावलंस!"

"बोलायची बंदी नव्हतीच, महाराज. बंदी होती विचारायची. आम्ही कुणी विचारलं नाही. 'निघालात कुठं' हे तुम्हीच विचारलंत, आणि उत्तरही तुम्हीच दिलंत!"

राजे असे खदखदून हसले की भोयांना पालखी सावरेना! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, रखमाजीला भरजरी शेला दिला, आणि स्वतः खाली उतरून म्हणाले, "बस आत, पोरी! आज राजा पायी चालेल. आणि भोयांना आधी सांग हो, जायचंय कुठं!"