शेंदऱ्याची मोजणी

फार पूर्वी, पाखरांना माणसांची भाषा कळत होती तेव्हा, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका डोंगरावर शेंदऱ्या नावाचा रानकोंबडा राहत असे. दर वर्षी पळस फुलला की दोन शिकारी पहाटे पायथ्याशी येऊन बसत आणि आरवणाऱ्या प्रत्येक कोंबड्यामागे एक खडा मांडत. पाचाहून जास्त खडे झाले तरच ते फासे लावत; नाहीतर बेणं राहावं म्हणून डोंगर वर्षभर सोडून देत.

"उद्या कुणी चोच उघडायची नाही," म्हातारी भुरकी कोंबडी सगळ्यांना बजावून गेली. "काही झालं तरी!"

पहाट झाली. शिकारी येऊन बसले. डोंगर चिडीचूप. इतकी शांतता शेंदऱ्याने जन्मात ऐकली नव्हती. बाकीचे आहेत ना? की रानमांजराने सगळ्यांना गट्ट केलं? मी एकटाच उरलो की काय? बराच वेळ तो जीव मुठीत धरून बसला, पण शेवटी त्याला राहवेना.

"अरे, कुणी आहे का रे?" तो आरवला.

भीतीने गुदमरलेल्या बाकीच्यांना तेवढंच हवं होतं. एकामागून एक ते ओरडले, "मी आहे! मी आहे!" शेंदऱ्या मोजत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढे कुणी बोललं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला.

"पाचच," तो पुटपुटला. "सुटलो बाबा!"

खाली शिकाऱ्याने पुढ्यातल्या खड्यांवरून बोट फिरवलं.

"सहा," तो म्हणाला आणि त्याने फाशांची पिशवी सोडली.