तिसऱ्या बिशपांचे हात

"साहेब, एकदाचं हो म्हणा ना! पत्रिकासुद्धा वाटून झाल्या!"

रेव्हरंड सुमंत साळवे सकाळपासून चौथ्यांदा हेच म्हणत होता. रविवारी त्याला बिशपपदाची दीक्षा मिळायची होती. तीन बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ती होत नाही, आणि तिघांतले एक परवाच दवाखान्यात दाखल झाले. जवळपास दुसरं कोण? माझा भाऊ, निवृत्त बिशप. तो नाही म्हणाला की सुमंतचा रविवार बुडाला.

दादा ओट्यावर मटार सोलत बसला होता.

"बिशप होऊन करणार काय तू?"

"सेवा, साहेब."

"बरं... आणि काय काय विचारायचंय?"

सुमंतने लगेच वही उघडली. उंच टोपी प्रार्थनेच्या आधी काढायची की नंतर? काठी कुठल्या हातात धरायची? बंगल्याचा ताबा त्याच दिवशी मिळतो का? गाडी कुठली?

माझं तर डोकंच फिरलं. दादाने वीस वर्षं राबून तयार केलेला हा माणूस!

"अरे देवा," दादाने कपाळावर हात मारला. "गुडघे टेक."

"इथे? टरफलांत?"

"टेक म्हणतो ना!"

तो टेकला. दादाने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. नुसते टेकवले नाहीत, चांगला भार दिला.

"...प्रार्थना करताय का, साहेब?"

दादाने आणखी भार दिला.

मग मला म्हणाला, "रूथ, चहा टाक."

मी चहा टाकला, उकळला, गाळून आणला. हात तिथेच. दादाचा कप माझ्या हातात निवून गेला. म्हटलं, पुरे कर आता, तुझेही खांदे दुखतील. त्याने ऐकलं नाही.

"साहेब, मान अवघडली."

"हं..."

"हात कधी काढणार?"

दादाचा आवाज चढला. एवढं वैतागलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या डोक्यावर ठेवले, त्याला एकतीस वर्षं झाली. निवृत्त झालो, बंगला सोडला, केस गेले... अजून कुणी काढलेले नाहीत, बाबा!"

सुमंतची वही टरफलांत पडली होती. त्याने ती उचलली नाही.

दादाने हात अजून काढले नव्हते.

"बोल... येऊ मी रविवारी?"