साळुंकीच्या चोचीला लागलेला गूळ

पाखरं माणसांसारखी भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. गुऱ्हाळाशेजारच्या बाभळीवर एक साळुंकी राहायची. एकदा तिनं पिल्लासाठी किडा आणला, बाजरीचे कोवळे दाणे आणले, पिकलेलं उंबरही आणलं. पिल्लानं सगळ्याला मान फिरवली.

"मला गूळच हवा!"

"गूळ मिळायचा नाही," साळुंकीनं ठणकावलं.

"अगं, दे की जरासा," शेजारची बुलबुलमावशी कळवळली. "लेकरू उपाशी राहील."

"राहू दे! नुसतं गोड चाटून पंखांत बळ येत नाही, मावशी. मी हटायची नाही."

"मीपण नाही!" पिल्लू ओरडलं. "किडा एवढा चांगला, तर तू का खात नाहीस? तुझ्या चोचीला सारखा गूळच असतो!"

बुलबुलमावशी हसू दाबत उडून गेली. साळुंकी संतापली, पण चोच अजून चिकट होती. तिनं ती फांदीवर खसाखसा घासली आणि पिल्लाकडे डोळे वटारून बघत अख्खा किडा मटकावला.

"झालं समाधान?"

"माझा किडा का खाल्लास?" पिल्लू किंचाळलं, आणि दुसऱ्या किड्यासाठी चोच वासून बसलं.