दवंडीवाला आळी बदलतो

एका गावात दोन आळ्या होत्या आणि फुटबॉल मात्र एकच होता. त्यामुळे दोन्ही आळ्यांना एकमेकींशी खेळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पावसाळा सरून मैदान वाळलं की सामने सुरू व्हायचे, ते होळीपर्यंत चालायचे. सामने पुष्कळ व्हायचे, निकाल एकच यायचा. वरची आळी जिंकायची आणि खालची आळी हरायची.

खालची आळी कधीच जिंकली नव्हती असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. तिथले दोन म्हातारे शपथेवर सांगत, की त्यांच्या लहानपणी आळी एकदा जिंकली होती. त्या दिवशी वरच्या आळीत लग्न होतं आणि तिचा निम्मा संघ वरातीत नाचत होता, एवढं ते सांगायचे विसरत.

खालच्या आळीच्या गोलात एक कुंभार उभा राहायचा. माणूस चपळ होता आणि हात तर असे, की आलेला चेंडू सहसा सुटायचा नाही. पण चाकावरून ओलं मडकं उतरवलं की ते छातीशी धरून हलकेच मागे सरकायचं आणि सावलीत नेऊन ठेवायचं, ही त्याची जन्माची सवय. चेंडू पकडला की तो तसाच दोन पावलं मागे सरकायचा. मागे गोल असायचा. पंच म्हणून उभे असलेले शाळेचे मास्तर शिट्टी वाजवायचे, वरची आळी नाचायला लागायची, आणि कुंभार हातातल्या चेंडूकडे बघत विचार करायचा, की हा फुटला तर नाही ना, मग का ओरडतायत हे लोक?

याच आळीत एक दवंडीवाला राहायचा. लहानथोर सगळे त्याला ‘काका’ म्हणत. मानाने नव्हे. त्याला दर गोष्टीत ‘का? का?’ विचारायची खोड होती म्हणून. वाटाणा भाजला की का उडतो? मांजर आपल्याच शेपटीवर का चिडतं? थंडीत मास्तरांची शिट्टी का बसते? उत्तर मिळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे, आणि उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न तयार असे.

सामन्याचा निकाल सांगणं हे त्याचं काम. सामना साऱ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेला असला तरी दवंडी लागायचीच. काका हलगी वाजवत आधी वरच्या आळीत, मग खालच्या आळीत जाऊन ओरडला, की मगच निकाल खरा धरायचा आणि मगच आपापल्या आळीत पंगत बसायची, अशी गावाची रीत होती. जिंकलेले जिंकल्याबद्दल जेवत आणि हरलेले भूक लागली म्हणून जेवत. दवंडीत फक्त आळ्यांची नावं घ्यायची, स्वतःला मध्ये आणायचं नाही, ही पाटलांची ताकीद होती. काकाने ती कधी मोडली नव्हती.

तर असं वर्षानुवर्षं ‘वरची आळी जिंकली हो’ ओरडता ओरडता काकाच्या डोक्यात एक प्रश्न शिरला. वरच्या आळीत एक सुतार होता, त्यांच्यात सगळ्यांत जास्त गोल मारणारा. काकाने त्याला गाठलं.

“जिंकल्यावर नेमकं कसं वाटतं हो?”

“कसं वाटायचं? बरं वाटतं.”

“भुकेल्या पोटी जेवल्यावर वाटतं तसं?”

“तसं नाही.”

“मग पाठीला खाज सुटावी आणि नेमक्या जागी कुणीतरी खाजवावं, तसं?”

सुताराने रंधा खाली ठेवला. “काका, ते सांगून नाही समजायचं. एकदा जिंकून बघा.”

खालच्या आळीच्या माणसाला जिंकून बघायचं तर एकच वाट होती, आळी बदलायची. त्याचीही रीत ठरलेली होती. वरच्या आळीचा रुमाल लाल होता. खालच्या आळीचा पांढरा, म्हणजे मुळात पांढरा. कुंभारांच्या हातांनी तो कधीच मातकट झाला होता. आळी बदलणाऱ्याने नव्या आळीचा रुमाल खांद्यावर नुसता टाकायचा आणि त्या वर्षीचे सामने त्यांच्यात बसून बघायचे. शेवटच्या सामन्यानंतर आळीचा नाईक स्वतःच्या हाताने त्या रुमालाची गाठ मारायचा. गाठ बसली की माणूस कायमचा त्या आळीचा. जुन्या आळीच्या पंगतीला त्याचं पान पुन्हा मांडायचं नाही. आणि गाठ न मारताच कुणी रुमाल परत केला, तर त्याला तो पुन्हा मागता यायचा नाही.

काकाने घरी विषय काढला. बायको भाकरी थापत होती.

“तुम्हाला जायचं तर जा,” ती म्हणाली. “मी इथंच. दोन आळ्यांत दोन चुली मला जमायच्या नाहीत.”

“तू रागावलीस?”

“रागवू कशाला? तुम्ही भुताला गाठून झोप लागते का म्हणून विचारणारे. पण पंगतीत तुमच्या जागी कोण बसणार, तेवढं सांगून जा.”

काकाने वहाणा पायात घातल्या. मग तो कुंभाराकडे गेला. दोघं लहानपणापासूनचे सोबती. आता हा चिडणार, बोलणं टाकणार, अशी तयारी करूनच काका गेला होता. कुंभार चाक फिरवत ऐकत राहिला.

“जा की,” तो शेवटी म्हणाला. “मी गोलात उभा राहतो, मला हलता येत नाही. तुला येतंय तर जा.”

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर काकाला बरं वाटलं असतं.

लाल रुमाल खांद्यावर टाकून काका वरच्या आळीत बसला, तो पहिलाच सामना वरच्या आळीने चार गोलांनी जिंकला. काका अगदी सावध होऊन स्वतःकडे लक्ष ठेवून बसला होता. छातीत काही होतंय का? डोक्यात काही चढतंय का? शेजारचा तेली जांभई देऊन म्हणाला, “चारच झाले. मागच्या वेळी सहा होते.” पलीकडे दोघांचं पाचवा गोल कुणी घालवला यावर भांडण जुंपलं. मग काकाने दवंडी दिली, पंगत बसली, जिलबी आली. जिलबी फार चांगली होती. पण जिलबी तर लग्नातही चांगली लागते.

नव्या वहाणा चावतात, तसं असेल, असं काकाने ठरवलं. पुढचा सामना झाला, त्याच्या पुढचा झाला. वरची आळी जिंकतच होती. काका कुठे ओरडायचं, कुठे टाळ्या वाजवायच्या, सगळं शिकला. लोकही त्याला चांगलं वागवत. पाणी आधी त्याला देत, सावलीत जागा देत. फक्त सामना संपला की तेली त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “आम्ही जिंकलो बरं का, काका.” आणि काकाच्या तोंडून निघून जायचं, “हो, जिंकलात.” त्यात काही चुकलं असं दोघांपैकी कुणालाच वाटायचं नाही. गाठ अजून बसली नाही म्हणून असेल, असं मात्र काकाला घरी जाताना वाटायचं. एकदा गाठ बसली की येईल तो आनंद आपोआप.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी नाईक त्याला म्हणाला, “काका, आज जेवायच्या आधी तुमची गाठ मारू.” काका हो म्हणाला. त्या सकाळी त्याला खालच्या आळीतल्या आपल्या ओसरीवरून उठवत नव्हतं, पण तो गेला.

सामना सुरू झाला. वरच्या आळीने एक गोल केला, मग दुसरा केला. काकाने दोन्ही वेळा शिकल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मग सुताराने लांबून असा एक चेंडू मारला, की सगळे गोल धरूनच उठले. कुंभाराने झेप घेऊन तो पकडला. चेंडू छातीशी धरला, आणि त्याचा एक पाय हलकेच मागे निघाला.

“अरे सरकू नकोस मागं! मडकं नाही ते!”

लाल रुमालांच्या ऐन मधोमध उभं राहून काका ओरडला होता. दवंडीचा गळा तो, साऱ्या मैदानाने ऐकला. कुंभाराचा पाय जिथल्या तिथे थांबला. त्याने चेंडूकडे पाहिलं, मागे गोलाच्या रेषेकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चेंडू पुढे फेकला.

वरच्या आळीतल्या लोकांनी काकाकडे पाहिलं. काकाने खाली पाहिलं. तेली म्हणाला, “असू दे, सवयीचं आहे.” सामना वरच्या आळीने दोन गोलांनी जिंकला.

आता दवंडी द्यायची होती. वरच्या आळीच्या चौकात पानं मांडून झाली होती, वाढपी पळ्या घेऊन उभे होते आणि नाईक गाठ मारायला पुढे येऊन थांबला होता. काकाने हलगी वाजवली.

“ऐका हो ऐका. आज सकाळच्या सामन्यात आपण दोन गोलांनी हरलो हो.”

मग एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “अगं बाई, आपण हरलो? मला वाटलं जिंकलो.” पाठोपाठ गलका उठला. दवंडीत पडलं ते खरं, अशी गावाची रीत. आता ही दवंडी खरी धरायची तर वरची आळी हरली होती, आणि खोटी धरायची तर पंगत बसवता येत नव्हती.

“काका, नीट सांगा,” वाढपी म्हणाला. “भात गार होतोय. जिंकलं कोण?”

“वरची आळी जिंकली.”

“मग हरलं कोण?”

“आपण,” काका म्हणाला, आणि आपण काय बोललो ते या वेळी त्याचं त्यालाच ऐकू आलं.

नाईकाने हात वर करून लोकांना गप्प केलं. माणूस समजूतदार होता. त्याने जवळ येऊन विचारलं, “काका, तुमच्या त्या ‘आपण’मध्ये आम्ही येतो का?”

काकाला खोटं बोलता आलं असतं. जीभ घसरली म्हणाला असता, तर नाईकाने गाठ मारून टाकली असती, समोर जिलबी होती आणि जन्मभर हरायची वेळ आली नसती. उलट रुमाल परत केला, तर हा दरवाजा पुन्हा उघडणार नव्हता. आणि खालच्या आळीकडे बघून जिंकायचं स्वप्न बघावं असं तर काही दिसत नव्हतं.

“नाही येत, नाईक,” तो म्हणाला. “मी तुम्हाला त्यात आणायला बघितलं. वर्षभर बघितलं. तुम्ही जिंकत होता आणि मी जिंकणाऱ्यांत नुसता उभा होतो. तिकडे कुंभाराने चेंडू धरला, की माझेही हात छातीशी जायचे.”

“परत केलेला रुमाल पुन्हा मिळत नाही, ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“आणि ते पुढच्या वर्षीही हरणार.”

“तेही ठाऊक आहे,” असं म्हणून काकाने रुमालाची नीट घडी केली आणि नाईकाच्या हातात ठेवली. मग त्याने चुकलेली दवंडी आळ्यांची नावं घेऊन पुन्हा दिली, पंगत बसवून दिली आणि हलगी काखेत मारून उतार उतरू लागला.

खालच्या आळीत दवंडी देऊन झाल्यावर तो कडेला उभा राहिला. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. बायकोने त्याच्याकडे न बघताच शेवटच्या पानाशेजारी एक पान मांडलं. काका पानावर बसला. आमटी पातळ होती आणि गोडाचं काहीच नव्हतं.

हरलेल्या आळीत सुतकी शांतता असेल, असं वरच्या आळीत सगळ्यांना वाटायचं. वर्षभर तिकडे बसून काकालाही तसंच वाटू लागलं होतं. पण इथे तर नुसता कल्लोळ चालला होता. झालेल्या दोन गोलांचं कुणी नाव काढत नव्हतं. न झालेल्या गोलाचीच गोष्ट चालली होती.

“सुताराने असा मारला की मी डोळेच मिटले,” एकजण म्हणाला.

“आणि आपण अडवला,” दुसरा म्हणाला.

“दोन्ही हातांनी धरला आपण.”

“आणि मागं सरकलो नाही आपण.”

चेंडू धरला होता एकट्या कुंभाराने. पण लंगडी म्हातारी, वाढणाऱ्या बायका, त्या दिवशी तापाने घरीच पडून राहिलेला एकजण, सगळे सांगत होते की आपण अडवला. कुंभार उठला, आमटीचं भांडं घेतलं आणि पंगतीच्या शेवटापर्यंत येऊन काकाच्या पानात वाढू लागला.

“तुला गोष्ट कळली की नाही?” त्याने विचारलं. “तू तिकडून नीट बघितलं नसशील.”

काकाने सगळं बघितलं होतं. ओरडला तर तोच होता.

“नाही रे,” काका म्हणाला. “पहिल्यापासून सांग. कसा अडवला आपण?”

कुंभार खाली बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने ‘का?’ म्हणून विचारलं नाही.

तात्पर्य काढायचंच तर एवढं: कोण जिंकतंय ते बघून बसायची जागा बदलता येते, पण हरल्यावर ज्यांच्यासाठी तोंडातून ‘आपण’ निघतं, आपली माणसं तीच.