तिसरं पिल्लू आणि साळुंकीची अळी

बाळांनो, डोंगराच्या उतारावर एक रान होतं. तिथे करवंदीच्या दाट जाळीखाली एक रानकोंबडी पाच अंड्यांवर खुडूक बसली होती. मधेच गारा पडल्या, अंडी गारठली, पण बाई जागची हलली म्हणून नाही. एकविसाव्या दिवशी दोन पिल्लं टुणकन बाहेर आली. दोन अंडी मात्र गार ती गारच राहिली. उरलं पाचवं. त्याला सकाळी एक भोक पडलं, आतून बारीकशी चिवचिव आली आणि दुपार झाली तरी पिल्लू काही बाहेर येईना.

शेजारच्या आंब्याच्या ढोलीत एक साळुंकी राहायची. मनाने फार चांगली हो, पण भारी उतावळी! ती धावतच आली. "अगं, बघत काय बसलीस? सरक, मी फोडते ते कवच!"

"चोच लावू नकोस!" कोंबडी म्हणाली. "आत अजून रक्ताच्या शिरा ओल्या आहेत. आत्ता फोडलंस तर रक्त जाऊन मरेल ते. त्याचं त्यालाच येऊ दे."

दिवस कलताना पिल्लू एकदाचं बाहेर पडलं. ओलंचिंब, मान टाकलेलं, पायांत त्राण नाही. कोंबडीने त्याला पोटाखाली ओढून घेतलं आणि म्हणाली, "दोन गेली. तुला मी जाऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडीचा घसा अगदी कोरडा पडला होता. साळुंकी म्हणाली, "जा गं, घोटभर पाणी पिऊन ये. मी बसते इथे."

"त्याला फक्त ऊब दे हं. दुसरं काही काही नको," असं दोनदा बजावून कोंबडी ओढ्याकडे गेली.

आता साळुंकीची पिल्लं कशी असतात, ठाऊक आहे ना? उघडी, आंधळी आणि जन्मल्यापासून चोच वासून बसलेली. भरवलं नाही तर मरतील बिचारी. इथे त्या अशक्त पिल्लानेही श्वास घ्यायला चोच उघडली. झालं! "अगं बाई, भुकेलंय की लेकरू!" म्हणत साळुंकीने पानावरची एक गलेलठ्ठ अळी उचलली आणि थेट त्याच्या घशात कोंबली. पिल्लाचा श्वास अडकला. ते पाय झाडायला लागलं.

बाकीच्या दोघांनी एकच कल्लोळ केला. कोंबडी पाणी अर्धवट टाकून धावत आली. तिने चोचीने अळी ओढून काढली. पिल्लाने श्वास घेतला खरा, पण ते गार पडत चाललं होतं. त्याला पंखाखाली घेऊन ती घट्ट बसून राहिली.

साळुंकी रडायला लागली. "माझ्या पिल्लांना मी अशीच भरवते गं! आता मी तुला तोंड दाखवणार नाही."

"खोटं कशाला बोलू, तुझा संताप आलाय मला," कोंबडी म्हणाली. "पण रडत घरी गेलीस तर माझ्या काय उपयोगाची? ऐक. आमची पिल्लं दोन दिवसांची शिदोरी पोटात घेऊनच जन्मतात. अंड्यातला बलक असतो तो. याला खाऊ नकोय, ऊब हवीय. मऊ, वाळकं गवत आण. आणि उद्या थोडी वाळवी आण. भरवायची मात्र नाही, पुढ्यात टाकायची."

साळुंकीने डोळे पुसले आणि कामाला लागली. दिवसभर तिच्या गवताच्या खेपा चालल्या होत्या. दोन धट्टीकट्टी पिल्लं बाहेर पळू बघत, कोंबडी त्यांना हाका मारून परत आत घेई. ती स्वतः उपाशी होती, पण उठली नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तसं ते पिल्लू उभं राहिलं. पडलं. पुन्हा उभं राहिलं. साळुंकी वाळवी घेऊन आलीच होती. सवयीने तिची चोच पिल्लाच्या तोंडाकडे गेली, आणि ती एकदम थांबली. तिने वाळवी जमिनीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. पिल्लाने चोच मारली, ती मातीत. दुसऱ्यांदा पानावर. तिसऱ्यांदा मात्र बरोबर वाळवीवर!

"गिळलं! स्वतः गिळलं!" साळुंकी ओरडली. कोंबडीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कालपासून पहिल्यांदाच अंग झाडून उठली. "आता मी पोटभर पाणी पिऊन येते. तू बस पिल्लांजवळ."

"मी?" साळुंकीला खरंच वाटेना.

"तूच."

साळुंकी पंख पसरून पिल्लांजवळ बसली आणि कोंबडी परत येईपर्यंत तिने चोच घट्ट मिटून ठेवली.

तात्पर्य : मदत करताना आपली सवय नव्हे, समोरच्याची गरज बघावी, आणि चुकलो तर तोंड लपवू नये, नीट विचारून पुन्हा मदतीला उभं राहावं.